शुक्रवारच्या टीम मीलसाठी मंडळाचे दोन्ही कँब्रो हवेत

प्रेषक: ५४ची आई (५४ हा मुलाचा जर्सी नंबर)
मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

या शुक्रवारी शाळेच्या अमेरिकन फुटबॉलचा होम गेम आहे आणि टीम मील, म्हणजे गेमआधीचं टीमचं जेवण, माझ्याकडे आलंय. मागच्या शुक्रवारी काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. सव्वातीनचं जेवण सव्वाचारला आलं, पास्ता गारढोण. पोरांनी दोन-दोन घास खाल्ले आणि पाचच्या बसमध्ये चढली. सातचा किकऑफ, म्हणजे पोटात धड काही नसताना रात्री दहापर्यंत मैदानावर, तेही इथे टेक्ससमध्ये, आपल्या केटीच्या सप्टेंबरच्या उकाड्यात. हे मला पुन्हा होऊ द्यायचं नाही.

मला मंडळाचे दोन्ही कँब्रो, म्हणजे अन्न गरम ठेवणारे मोठे डबे, शुक्रवारी दुपारी १ ते रात्रीपर्यंत हवेत. ८५ खेळाडू, कोच, दुखापती बघणाऱ्या ट्रेनरच्या हाताखालची मुलं आणि मॅनेजर धरून १०५ पानं होतात. नानांना दोनदा फोन केला, लागला नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

*

प्रेषक: नाना (भांडार)
मंगळवार, रात्री १०.५५

फोन चार्जिंगला होता. सकाळी बोलू, पण लेखी उत्तर आत्ताच देतो.

शनिवारी गणपती आहे. ४०० पानांचा महाप्रसाद. कँब्रो शुक्रवारी संध्याकाळी धुऊन, पुसून, उघडे ठेवून वाळवावे लागतात, नाहीतर आत कोंदट वास धरतो. कार्यक्रमाच्या आधीचे दोन दिवस भांडी बाहेर द्यायची नाहीत हे २०१९च्या दिवाळीनंतर सर्वांनी मिळून ठरवलं होतं. तेव्हा झाकण कुणाच्या गाडीत राहिलं ते आजतागायत सापडलेलं नाही. नवीन झाकणाला मी चार दुकानं पालथी घातली होती. नियम कुणा एकासाठी केलेला नाही.

*

प्रेषक: महाप्रसाद समिती (वहिनी)
बुधवार, सकाळी ७.१०

नानांच्या मेलला पूर्ण अनुमोदन. शिवाय जे कुणी बोलत नाही ते मी बोलते. टीम मीलला चिकन असतं. ज्या डब्यात शुक्रवारी चिकन, त्याच डब्यात शनिवारी नैवेद्याचा मसालेभात? मी स्वतः सगळं खाते, माझ्या घरी रविवारी मटण असतं. पण प्रसादाला येणाऱ्या आजी-आजोबांना मी काय सांगू? त्या प्लॅस्टिकला वास बसतो, कितीही घासा.

*

प्रेषक: बँडची आई
बुधवार, सकाळी ८.०२

जेवणाचा विषय निघालाच आहे तर विचारते. त्याच शुक्रवारी आमची बँडची मुलंही स्टेडियमवर असतात. फुटबॉलच्या दुप्पट. लोकरीसारखा जाड गणवेश, डोक्यावर शाकोची उंच टोपी, खांद्यावर सूसाफोनसारखं अवजड वाद्य. त्यांची जुलैपासूनची उन्हातली तालीम कुणी मोजत नाही. तिसऱ्या क्वार्टरला त्यांना वीस मिनिटं सुट्टी मिळते आणि तेवढ्यात काउंटरच्या रांगेत उभं राहून नाचोज खायचे. कँब्रो निघणारच असतील तर ते तिसऱ्या क्वार्टरला बँडकडे का येऊ नयेत? मंडळाच्या मुलांपैकी फुटबॉलला चार आहेत, बँडला एकोणीस.

*

प्रेषक: साखळीवाले काका
बुधवार, सकाळी ९.३०

मी सहा सीझन साइडलाइनला दहा यार्ड मोजायची साखळी धरतो आहे, म्हणून वेळेबद्दल दोन शब्द.

"गेम संपला की परत आणून देते" हे मनातून काढून टाका. बारा-बारा मिनिटांचे चार क्वार्टर, पण घड्याळ दर थोड्या वेळाने थांबतं. सातला सुरू झालेला गेम दहाच्या आत क्वचित संपतो. मग हात मिळवणं, बँडसमोर शाळेचं गाणं, बस, सामानाचा ट्रेलर. घरी यायला साडेअकरा.

आणि वीज. जवळपास वीज चमकली की मैदान रिकामं करायचं आणि शेवटच्या विजेपासून ३० मिनिटं थांबायचं. २९व्या मिनिटाला पुन्हा चमकली की घड्याळ पुन्हा शून्यावर. गेल्या वर्षी मी आणि माझे तिघे साथीदार पावणेदोन तास भिंतीला टेकून उभे होतो. आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये हायस्कुलं दहाच्या घरात आणि मोठी स्टेडियम दोनच, र्‍होड्स आणि २०१७ साली उघडलेलं लेगसी. म्हणून तर गुरुवार, शुक्रवार, शनिवार वाटून गेम लावतात. वाहून गेलेला शुक्रवार कधी शनिवारी सकाळी उरकावा लागतो. तसं झालं तर आमच्यापैकी निम्मे लोक आरतीऐवजी स्टेडियमवर असतील, हे महाप्रसाद समितीने आत्ताच धरून चालावं.

*

प्रेषक: नाना (भांडार)
बुधवार, सकाळी ९.४८

काकांनी माझाच मुद्दा सिद्ध केला. धन्यवाद.

*

प्रेषक: शुगरलँडचे दादा
बुधवार, दुपारी १२.१५

मी नवीन आहे, म्हणून स्पष्ट विचारतो, राग मानू नका. आपण या खेळाला भांडी पुरवण्याआधी आपली मुलं तो खेळावीत का, हा प्रश्न कुणालाच पडत नाही का? डोक्याला मार बसतो हे आता लपलेलं नाही. मी कोल्हापूरला शाळेत कबड्डी खेळलो, गुडघे फुटले, पण डोकं शाबूत राहिलं. माझ्या मुलाला मी टेनिसला घातलं आहे.

*

प्रेषक: डॉक्टर मावशी
बुधवार, दुपारी १.४०

दादांचा प्रश्न रास्त आहे, त्यामुळे नीट उत्तर देते. मी दोन वर्षं मैदानाच्या कडेला उभी राहिले आहे.

टेक्ससमध्ये २०११पासून कायदा आहे, त्याला नताशाज लॉ म्हणतात. डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी मूल त्या दिवशी परत मैदानात जात नाही. पुढे डॉक्टरांची लेखी परवानगी आणि पायरीपायरीने परतण्याचा क्रम. कोचला एकट्याने "जा, खेळ" म्हणता येत नाही. सीझनमध्ये पूर्ण धडकेच्या सरावालाही एका मुलामागे आठवड्याची मर्यादा आहे. ऑगस्टमध्ये पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, पूर्ण पॅड पाचव्या दिवशी, म्हणजे शरीर उन्हाला सरावतं. एवढं करूनही धोका शून्य होत नाही. ज्याने त्याने आपल्या घरी ठरवावं.

मला डोक्याइतकीच उन्हाची काळजी वाटते. उष्माघातात आधी मुलाला बर्फाच्या पाण्यात बसवायचं आणि मग हॉस्पिटलला न्यायचं, हा क्रम चुकला तर जीव जातो. म्हणून ट्रेनरच्या खोलीबाहेर बर्फाच्या पाण्याचा टब भरलेला असतो. टीम मीलला जाल तेव्हा तो कुठे आहे ते एकदा बघून या.

आता जेवण. किकऑफच्या साडेतीन-चार तास आधी भात, पास्ता, पाव, फळं, थोडं प्रथिन. तूप-चीज कमी, मिरची कमी. आणि वहिनी, कुणी हौसेने मसालेभात टीमला देणार असेल तर नको. काजू तर आलेच, पण गोड्या मसाल्यात तीळ असतात. २०२३पासून इथे तीळ मुख्य अ‍ॅलर्जीच्या यादीत नववे आहेत. ८५ मुलांत एखाद्याला असणारच असं धरून चाला.

*

प्रेषक: ५४ची आई
बुधवार, दुपारी ४.०५

मावशी, फॉर्म बघितले. एकाला तीळ, दोघांना दाणे. बरं झालं बोललात. मी खरंच मसालेभाताचा विचार करत होते.

दादा, तुमच्यावर राग नाही. मुलाने आठवीत विचारलं तेव्हा मी तीन महिने नाही म्हणत होते. मग एक दिवस मी सराव बघायला गेले. तो सेंटर खेळतो, म्हणजे प्रत्येक प्लेला चेंडू त्याच्या हातून सुटतो आणि पुढच्या क्षणी समोरचा अंगावर येतो. भीती गेलेली नाही. पण त्या दिवशी ट्रेनरने एका मुलाला बाहेर काढलं, तो रडत होता, परत जाऊ द्या म्हणत होता, आणि कुणी त्याचं ऐकलं नाही. ते बघून मी सही केली.

बँडच्या ताई, तुमचं म्हणणं मला पटतं. पण दोन कँब्रोत १०५ पानं जेमतेम बसतात, आणि सव्वातीनला उघडलेला डबा रात्री नऊपर्यंत गरम राहत नाही. अन्न १३५ फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे ५७ सेल्सियसच्या खाली गेलं की आपण ते दोनशे मुलांना वाढायचं? मी नाही वाढणार. बँडसाठी वेगळं काही करायचं असेल तर मी पोळ्या लाटायला येते.

*

प्रेषक: बँडची आई
बुधवार, दुपारी ४.३०

पोळ्यांचं मी धरून चालते. ऑक्टोबरच्या स्पर्धेच्या दिवशी रोल करू. शब्द फिरवू नका.

*

प्रेषक: खजिनदार
बुधवार, संध्याकाळी ६.२०

पैशाचं सांगतो, कारण शेवटी ते माझ्या टेबलावर येतं.

१. मंडळाच्या खात्यातून टीम मीलला एक डॉलरही जाणार नाही. ते बूस्टर क्लबचं, म्हणजे टीमला मदत करणाऱ्या पालकांच्या क्लबचं काम, त्यांचं खातं वेगळं, पावत्या वेगळ्या.
२. यूआयएलचं, म्हणजे टेक्ससमधले शाळांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेचं, बूस्टरला सांगणं साधं आहे. विद्यार्थ्याला किंवा कोचला काहीही देण्याआधी शाळेला विचारा. तेव्हा जेवण सगळ्या टीमला, शाळेला कळवून. फक्त आपल्या चार मुलांच्या हातात डबे द्यायचे नाहीत, प्रेमानेही नाही. मुलाच्या खेळण्यावर गदा येऊ शकते.
३. पुढच्या आठवड्यात शाळेचे पहिले सहा आठवडे संपतात आणि मार्क लागतात. ज्याचे एखाद्या विषयात ७०पेक्षा कमी येतील तो त्यानंतरच्या सात दिवसांनी निदान तीन आठवडे गेमबाहेर बसणार. अशी मुलं सराव करतातच, त्यामुळे जेवतातही. आकडा कमी धरू नका.

*

प्रेषक: महाप्रसाद समिती (वहिनी)
बुधवार, रात्री ८.४५

चिकनचं उत्तर अजून आलेलं नाही.

*

प्रेषक: ५४ची आई
बुधवार, रात्री ११.१५

वहिनी, तुमच्यासाठीच दोन फोन करून आत्ता बसले.

कोचशी बोलणं झालं. कँब्रोत फक्त पास्ता, टोमॅटोचा सॉस, जिरा राईस आणि राजमा. चिकन दुकानातून त्यांच्याच पिशव्यांत थेट शाळेत येईल, वेगळ्या टेबलावर, त्याचे चिमटेही वेगळे. ते आपल्या डब्याच्या आसपास फिरकणार नाही. माझा मुलगा अंड्यापलीकडे काही खात नाही. गेली दोन वर्षं त्याने टीम मीलला पाव आणि केळी खाऊन गेम खेळले, कधी कुणाला बोलला नाही. राजमा-भात पहिल्यांदाच असेल. ते गरम मिळावं एवढीच माझी खटपट आहे.

पास्ता २७ पौंड कोरडा लागेल, माणशी ४ औंसांचा हिशोब. माझ्याकडे दोन मोठी पातेली आहेत, तिसरं लागेल.

नाना, काकांचं ऐकून बेत बदलला. कँब्रो रात्री आणणार नाही. सव्वातीनला वाढप, चारला डबे रिकामे, शाळेच्या किचनमध्ये तिथेच धुणार, आणि पाचच्या बसच्या आधी ते तुमच्या गॅरेजच्या वाटेवर असतील. वाळायला अख्खी रात्र मिळेल. मी स्वतः किकऑफला दहा मिनिटं उशिरा पोचले तरी चालेल.

*

प्रेषक: नाना (भांडार)
गुरुवार, सकाळी ६.३०

हे आधीच असं लिहिलं असतं तर मी मंगळवारीच हो म्हटलं असतं.

झाकणांवर पांढरी टेप लावून १ आणि २ लिहिलं आहे. १चं झाकण १लाच बसतं. साबण साधा, खरखरीत घासणी नको. आतली रबरी कडा काढून धुवायची आणि परत बसवायची, तिथेच सॉस साचतो. पाण्याचे दोन केशरी कूलरही न्या, शाळेचा एक गळतो असं ऐकलं. पण ते मैदानाजवळच भरा. दहा गॅलन भरल्यावर एकेक ३८ किलोचा होतो, मागच्या वर्षी एका पोराने उचलला आणि आठवडाभर कंबर धरून बसला.

*

प्रेषक: महाप्रसाद समिती (वहिनी)
गुरुवार, सकाळी ७.०५

चालेल. तिसरं पातेलं माझ्याकडून. शनिवारी लागेल, तेही कँब्रोबरोबर परत यावं.

*

प्रेषक: साखळीवाले काका
गुरुवार, सकाळी ७.२०

शुक्रवारी दुपारनंतर वादळाचा अंदाज आहे. गेम शनिवारी सकाळी अकरावर गेला तर टीम मील पुन्हा लागेल, आणि तेव्हा कँब्रो मसालेभातात असतील. त्या वेळी काय?

*

प्रेषक: ५४ची आई
गुरुवार, सकाळी ७.५०

तसं झालं तर सकाळी आठला बेगल, केळी, पीनट बटरऐवजी जॅम. गरम काही नाही, कँब्रो नकोत. बूस्टरच्या फ्रीजमध्ये आजच ठेवते.

*

प्रेषक: १२चे बाबा
गुरुवार, सकाळी ८.१५

पिकअप माझा आहे. शुक्रवारी पावणेएकला नानांच्या दारात. कुणीतरी मला गॅरेजचा कोड पाठवा, इथे नाही, फोनवर.