उबुंटूवर पायथनच्या तीन आवृत्त्या एकत्र नांदवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

पुण्यात कर्वे रस्त्याजवळच्या एका महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळेची देखभाल माझ्याकडे आहे. तेथील ४० संगणकांवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आहे आणि त्यात मुळातच पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.१० आवृत्ती येते. अंतिम वर्षाच्या एका गटाचा प्रकल्प टेन्सरफ्लो २.४ या मशीन लर्निंगच्या लायब्ररीवर उभा आहे, जे पायथन ३.८ च्या पुढे बसत नाही. दुसऱ्या गटाला मात्र ३.१२ हवे आहे.

गेल्या आठवड्यात एका संगणकावर ३.१२ बसवून, अपडेट-आल्टरनेटिव्ज (एखादे नाव कोणत्या आवृत्तीकडे जावे हे ठरवणारी आज्ञा) वापरून ‘पायथन३’ हे नाव मी तिकडे वळवले. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने दाखवले, की टर्मिनलच्या चिन्हावर क्लिक केले तरी काहीच उघडत नाही. कन्सोलवर (नुसत्या मजकुराच्या पडद्यावर) जाऊन एपीटी अपडेट ही पॅकेजांची यादी ताजी करणारी आज्ञा चालवली, तर शेवटी ‘एपीटी-पीकेजी’ नावाचे मॉड्यूल सापडत नसल्याची त्रुटी आली. शोधल्यावर कळले, की उबुंटूची पायथन मॉड्यूल्स सर्व आवृत्त्यांसाठी एकाच डिस्ट-पॅकेजेस फोल्डरमध्ये राहतात, पण त्यांतील सी भाषेत लिहिलेल्या भागांच्या फाइलनावातच ‘सीपायथन-३१०’ असा शिक्का असतो, त्यामुळे ३.१२ त्यांना ओळखतच नाही. टर्मिनल सुरू करणारी फाइलही पायथनमध्येच लिहिलेली असल्याने तीही अडकली. नाव पुन्हा ३.१० कडे वळवताच सर्व सुरळीत झाले. उबुंटूच्या स्वतःच्या पायथनला पुन्हा हात लावायचा नाही, एवढे आता पक्के आहे.

पायथनच्या इतर आवृत्त्या पुरवणाऱ्या डेडस्नेक्सच्या पीपीएचा (उबुंटूबाहेरच्या पॅकेज भांडाराचा) विचार केला, परंतु सुरक्षा सुधार वेळेवर येतीलच याची हमी ते स्वतःच देत नाहीत. पायएन्व्ह हे आवृत्त्या सांभाळणारे साधन घेतले, तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या होम फोल्डरमध्ये वेगळे पायथन कंपाइल होईल, आणि जागा व वेळ दोन्ही जातील. मूळ स्रोत कोडमधून ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ या आज्ञेने पायथन बसवले तर ‘पायथन३’ या नावाला धक्का लागत नाही, पण डीपीकेजीला (बसवलेल्या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) त्या फाइलींचा पत्ता नसतो, म्हणजे पुढचा प्रत्येक सुधार ४० ठिकाणी हाताने करणे आले. म्हणून ऑप्ट या वेगळ्या फोल्डरमध्ये बसणारे आपलेच डेब (उबुंटूच्या स्वरूपातले) पॅकेज एकदा बांधून ते प्रयोगशाळेतील स्थानिक रेपोमधून (पॅकेज भांडारातून) सर्वत्र पोहोचवावे, असे मला वाटते.

असे पॅकेज कोणी चालवत असल्यास, फोल्डरला नुसते ३.१२ नाव द्यावे की शेवटच्या आकड्यासह पूर्ण आवृत्तीचे, हे कृपया सांगावे; कारण विद्यार्थ्यांचे व्हीएन्व्ह (प्रकल्पापुरते वेगळे पायथन वातावरण) त्या जागेला सिमलिंकने, म्हणजे फाइलीच्या मार्गाकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याने, बांधलेले असतात, आणि पॅकेज बदलल्यावर ते तुटले तर ऐन प्रात्यक्षिक परीक्षेत गोंधळ उडेल. शिवाय ३.८ चे सुरक्षा सुधार ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबले असल्यामुळे, ती आवृत्ती पॅकेज न करता पॉडमन या साधनाच्या कंटेनरमध्येच (बाकी प्रणालीपासून अलग कप्प्यात) ठेवावी का, यावरही अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. परीक्षा दिवाळीनंतर आहेत, त्यामुळे आधी दोन संगणकांवर चाचणी घेण्याइतका वेळ हाताशी आहे.