सेवा क्लबचा वार्षिक कार्यगौरव समारंभ : नेमके काय साजरे करावे?

प्रश्न : क्लबचे सचिव, अंधेरी पूर्व

आमच्या क्लबचे वर्ष, रोटरी आणि लायन्स या दोन्ही संघटनांच्या रिवाजाप्रमाणे, १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. जूनच्या अखेरीस वर्षभराच्या कामाचा अहवाल मांडण्याचा आणि कार्यकर्त्यांचा गौरव करण्याचा कार्यक्रम असतो आणि त्याची आखणी यंदा माझ्याकडे आली आहे. आजवरचा क्रम ठरलेला आहे : दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, प्रांतपालांचे (संघटनेच्या विभागीय प्रमुखांचे) मनोगत, देणगीदारांचा सत्कार, मग शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्हांचे वाटप आणि शेवटी भोजन. यात सचिवांचा कार्यअहवाल कसाबसा उरकला जातो, आणि त्यातही शिबिरे किती झाली, रक्ताच्या पिशव्या किती जमल्या आणि चष्मे किती वाटले, एवढेच वाचून दाखवले जाते.

यंदा कार्यकारिणीत दोन मते पडली आहेत. काही सदस्यांना समारंभावर खर्च करणेच मान्य नाही. तेवढ्या पैशांत एखाद्या रुग्णाची औषधे येतील, असे ते म्हणतात. इतरांचे म्हणणे असे की, नोकरी, लोकलचा प्रवास आणि घर सांभाळून जी माणसे वर्षभर राबतात, त्यांच्या पाठीवर वर्षातून एकदाही कोणी हात ठेवला नाही, तर ती फार काळ टिकणार नाहीत. मला दुसरे मत अधिक पटते, पण सत्काराची सध्याची पद्धत पटत नाही.

एक उदाहरण देतो. आमच्या एक सदस्या दर आठवड्याला परळला टाटा रुग्णालयात जातात. बाहेरगावाहून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना कोणती खिडकी कशासाठी आहे ते दाखवणे, अर्ज भरून देणे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहण्याची सोय होते का याची चौकशी करणे, असे त्यांचे काम असते. अहवालाच्या नमुन्यात प्रकल्पाचे नाव, खर्च, लाभार्थी आणि छायाचित्र असे रकाने आहेत. त्यांचे काम यांपैकी कशातच बसत नसल्याने आजवर व्यासपीठावरून त्याचा उल्लेखही झालेला नाही. असे काम समारंभात कसे मांडावे? आपापल्या क्लबांमध्ये काय करतात, ते कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ : माजी अध्यक्ष, मुलुंड

आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सेवा क्लबांच्या चळवळीने आजवर जे सर्वांत मोठे यश साजरे केले, ते पोलिओचे. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनासाठी पोलिओप्लस हा कार्यक्रम हाती घेतला. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला, परंतु त्या वर्षअखेरीस कोणी विजयोत्सव केला नाही. पुढे तीन वर्षे नव्या रुग्णाचा शोध चालू राहिला, सांडपाण्याचे नमुने तपासले गेले आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. तोवर हे यश पुरते झाले असे कोणी मानले नाही.

पल्स पोलिओच्या दिवसांत ज्यांनी घरोघरी फिरून काम केले, त्यांना खडूच्या खुणा आठवत असतील. ज्या घरातील सर्व बालकांना डोस मिळाला, त्या घरावर ‘पी’ लिहायचे आणि जिथे मूल गावी गेलेले असे, झोपलेले असे किंवा आईवडील नकार देत, तिथे ‘एक्स’ लिहायचे. बाळाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाई लावली जाई, ती याचसाठी. कार्यकर्त्यांचा पुढचा सगळा दिवस ‘एक्स’च्या घरांमागे जाई. चाळीत चौथ्या मजल्यावर पुन्हा चढायचे, दार पुन्हा वाजवायचे, आजीबाईंची पुन्हा समजूत घालायची. मोहीम यशस्वी झाली ती या दुसऱ्या खेपेमुळे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या वार्षिक अहवालात फक्त ‘पी’ची घरे असतात. महापालिकेच्या शाळेत दोनशे मुलांना चष्मे दिले, असे वाचले की टाळ्या पडतात. पण सहा महिन्यांनी त्या वर्गात जाऊन पाहावे, तर चष्मा कंपासपेटीत असतो, काडी तुटलेली असते किंवा मुले चिडवतात म्हणून तो घरीच राहिलेला असतो. जो कार्यकर्ता तेव्हा पुन्हा शाळेत गेला, ज्याने काडी दुरुस्त करून आणली आणि वर्गशिक्षिकांशी बोलून मुलाला पहिल्या बाकावर बसवले, त्याचा सत्कार आधी करावा. आमच्या क्लबात सचिवांचा अहवाल हाच कार्यक्रमाचा मुख्य भाग असतो आणि प्रत्येक प्रकल्पापुढे ‘काय राहिले’ हेही वाचले जाते. पाहुण्यांना सुरुवातीला ते अवघड वाटते, पण सभागृहातील कार्यकर्त्यांना आपल्या कामाची खरी किंमत तिथेच कळते. परळच्या ताईंचे काम मांडायचे असेल, तर एका रुग्णाच्या नातेवाइकाचा एक दिवस, नाव न घेता, पाच मिनिटांत सांगावा. त्याला रकाना लागत नाही.

प्रतिसाद २ : रक्तपेढीसोबत काम करणारी स्वयंसेविका, परळ

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. रक्तदानाबाबत एवढेच जोडते की, विक्रमी संख्येचा गौरव करण्यापूर्वी शिबिराची तारीख पाहावी. रक्तातील प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात आणि तांबड्या पेशीही साधारण पाच-सहा आठवडेच. एकाच दिवशी शेकडो पिशव्या जमल्या आणि मे महिन्यात, महाविद्यालये बंद असताना आणि निम्मी मुंबई गावी गेलेली असताना, एकही शिबिर झाले नाही, तर थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या ज्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते त्यांच्या घरी काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. जो क्लब उन्हाळ्यात चाळीस दात्यांचे लहानसे शिबिर घेतो आणि पुरुष दात्यांना तीन, स्त्री दात्यांना चार महिन्यांनी आठवणीचा फोन करतो, तो माझ्या दृष्टीने पुरस्काराचा मानकरी आहे.

सचिव, अंधेरी पूर्व

दोघांचेही मनापासून आभार. ‘काय राहिले’ हा भाग आम्ही निश्चित घेऊ. एक अडचण मात्र उरते. देणगीदारांचा सत्कार मागे ठेवला तर पुढील वर्षी निधी मिळणार नाही, अशी भीती सदस्यांना वाटते. शिवाय समारंभाचा खर्च कोठून करावा?

प्रतिसाद ३ : खजिनदार, बोरिवली

खर्चाबाबत उत्तर स्पष्ट आहे. सदस्यांच्या वर्गणीचे प्रशासकीय खाते आणि जनतेकडून जमवलेल्या निधीचे सेवाकार्य खाते ही दोन्ही वेगळी असलीच पाहिजेत. लोकांनी डायलिसिससाठी दिलेल्या रकमेतून एक शालही घेऊ नये. सभागृह, भोजन आणि स्मृतिचिन्हे यांचा खर्च वर्गणीतून किंवा त्याच हेतूने मिळालेल्या प्रायोजकत्वातून करावा. हे व्यासपीठावरून सांगितले, तर आपल्या कार्यकारिणीतील पहिल्या गटाचा आक्षेपही बराचसा मावळेल. क्लबचे वर्ष जूनमध्ये संपते आणि हिशेबाचे ३१ मार्चला, त्यामुळे अहवालातील आकडे कोणत्या कालावधीचे आहेत, हेही लिहावे.

देणगीदारांविषयी माझा अनुभव आपल्या भीतीच्या उलट आहे. रोटरीत तिच्या प्रतिष्ठानाला (रोटरी फाउंडेशन) १,००० डॉलर दिले की संस्थापकांच्या नावाचा पॉल हॅरिस फेलो हा सन्मान मिळतो आणि तो योग्यच आहे, कारण त्या पैशावर मोठी कामे उभी राहतात. पण देणगीदाराला शालीपेक्षा आपला पैसा कोठे पोहोचला हे ऐकण्यात अधिक रस असतो. त्याला पहिल्या रांगेत बसवा आणि अहवाल पूर्ण ऐकवा. आमचे दोन जुने देणगीदार असा अहवाल ऐकल्यावर स्वतः कामाला येऊ लागले.

प्रतिसाद ४ : निवृत्त शिक्षिका, घाटकोपर

मला थोडे वेगळे सांगायचे आहे. शाल-श्रीफळाला सरसकट नाकारू नये. आमच्या वस्तीतील एका कार्यकर्तीला मिळालेले सन्मानपत्र तिच्या सासूबाईंनी भिंतीवर लावले, आणि त्यानंतर तिच्या रविवारच्या कामाला घरातून विरोध झाला नाही. सत्कार कोणाचा होतो, याइतकेच तो कोणाच्या देखत होतो हेही महत्त्वाचे असते. म्हणून कार्यकर्त्यांच्या घरच्यांना आवर्जून बोलवावे. सन्मानपत्रावर ‘उल्लेखनीय कार्याबद्दल’ असा छापील मजकूर नको. तिने काय केले, ते दोन ओळींत लिहावे. हे लिहिण्यासाठी सचिवांना प्रत्येक कार्यकर्त्याशी बोलावे लागते आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा सुरुवात मेअखेरीसच करावी.

रुग्ण आणि विद्यार्थी यांना मात्र व्यासपीठावर बोलावून मदत स्वीकारतानाचे छायाचित्र काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दहावीतली मुलगी वह्यांचा गठ्ठा हातात घेऊन कॅमेऱ्याकडे पाहत उभी राहते, तेव्हा तिच्या वर्गातील मुलेही ते छायाचित्र पाहणार असतात. त्यांना यायचे असेल तर पाहुणे म्हणून यावे आणि सर्वांसोबत जेवावे.

जूनअखेरीस पाऊस असतो आणि रविवारी बहुधा दुपारी दुरुस्तीसाठी लोकलचा मेगाब्लॉक, त्यामुळे कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी ठेवलात तर कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्यांना सोयीचे होईल. भाषणे दोनच ठेवावीत.