फक्त गुणोत्तराचा कायदा मागायचा, की काम वाटण्याची पद्धतही?

तिसरी_पाळी

परिचारिकांच्या संघटना देशोदेशी एकच मागणी घेऊन सरकारकडे जातात: एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण, हे कायद्यात लिहा. कॅलिफोर्नियात १९९९ मध्ये असा कायदा झाला आणि २००४ पासून लागू झाला. मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आधी १:६, मग २००५ पासून १:५. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०१६ पासून सकाळ-दुपार १:४ आणि रात्री १:७. या मागणीला माझा मनापासून पाठिंबा आहे. पण ती अर्धीच मागणी आहे असं मला ठामपणे वाटतं. नर्स किती, हे ठरतं. त्या नर्सनी काम कसं वाटून घ्यायचं, हा प्रश्न मागणीपत्रात येतच नाही.

३० खाटांचा वॉर्ड घ्या. सकाळी ६ नर्स हजर, म्हणजे १:५ पाळलं गेलं. पण वाटणी कामवार असेल तर एक नर्स गोळ्या-औषधांवर, एक इंजेक्शन-सलाईनवर, एक ड्रेसिंगला, एक टीपीआर (तापमान-नाडी-श्वास) आणि बीपीला, एक ॲडमिशन-डिस्चार्जच्या कागदांना आणि एक डॉक्टरांच्या राउंडबरोबर. आता इंजेक्शनवाल्या नर्सकडे ५ नाही, ३० रुग्ण आहेत. दर रुग्णाला ६ मिनिटं धरली तरी १८० मिनिटं. ८ ला सुरू केलेली फेरी ११ ला संपते. दर ६ तासांनी द्यायचं अँटिबायोटिक ३० नंबरच्या खाटेला ११ ला मिळतं. दुपारच्या पाळीची नर्स २ ला उलट्या टोकाकडून फेरी सुरू करते, म्हणजे त्याच रुग्णाला ३ तासांत दुसरा डोस. आणि १ नंबरच्या खाटेला ८ नंतर थेट ५ ला, म्हणजे ९ तासांनी. चार्टवर मात्र सगळीकडे ८ आणि २ लिहिलेलं असतं. हजेरीपट तपासायला आलेल्या माणसाला यात काहीच चुकीचं दिसणार नाही.

म्हणून मागणीत एक वाक्य वाढवावं: प्रत्येक पाळीत प्रत्येक रुग्णासमोर एकाच जबाबदार नर्सचं नाव असेल आणि गुणोत्तर त्या नावांवरून मोजलं जाईल.

आकडेमोड

असहमत. कायद्यात तेवढंच घालावं जेवढं बाहेरचा माणूस येऊन मोजू शकतो. डोकी मोजता येतात, पद्धत मोजता येत नाही.

संख्येच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या रुग्णांबाबत दिसलं की नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांच्या अभ्यासातही हाच ७ चा आकडा आला. क्वीन्सलँडमध्ये कायद्याखाली आलेली २७ रुग्णालयं आणि न आलेली २८ यांची तुलना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण पुन्हा भरती होणं आणि वॉर्डातले दिवस कमी झाल्याने वाचलेला खर्च वाढीव नर्सच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त होता. टीम नर्सिंग (छोट्या टीमने मिळून रुग्ण सांभाळणं) चांगलं की प्रायमरी नर्सिंग (एका रुग्णाची सगळी जबाबदारी एकाच नर्सवर), यावर इतक्या ताकदीचं काहीही हातात नाही. मग आमदारासमोर कुठला कागद ठेवायचा?

मागणी जितकी लांब तितकी ती पाडायला सोपी. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ ला गुणोत्तराचा प्रस्ताव थेट मतदानाला टाकला गेला आणि सुमारे ७० टक्के मतांनी पडला. एक नर्स-संघटना प्रस्तावाच्या बाजूने आणि दुसरी उघड विरोधात होती. पद्धतीवर तर नर्समध्येच जास्त मतभेद आहेत. तो विषय मसुद्यात घेतला की फूट ठरलेली.

वेळ घालवायचाच तर तो पदसंख्येच्या हिशोबावर घालवा, कारण लढे तिथे हरले जातात. ३० खाटांना सकाळी १:४ म्हणजे ८ (साडेसात आलं तर ८ च धरायचे), दुपारी ८, रात्री १:७ ने ५. दिवसाला २१ ड्युट्या, वर्षाला ७,६६५. आठवड्याला एक सुट्टी आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण, सण मिळून ४५ दिवस धरले तर एक नर्स वर्षात २६८ ड्युट्या करते. म्हणजे २९ पदं लागतात. आठवड्याला दोन सुट्ट्या असतील तर २१६ ड्युट्या, म्हणजे ३६ पदं. बहुतेक निवेदनांत ‘२१ पदं द्या’ असं लिहिलेलं असतं. तेवढी मिळतात आणि पहिल्याच आठवड्यात वॉर्ड पुन्हा उणा पडतो. मग प्रशासन म्हणतं, मागितलं तेवढं दिलं.

वॉर्ड_इनचार्ज

आकडेमोड यांचा हिशोब बरोबर आहे. त्यात एकच भर: इनचार्ज त्या ८ मध्ये धरायची की नाही, हे मसुद्यात स्पष्ट लिहावं. नाही लिहिलं तर ती धरलीच जाते. मग इंडेंट (सामानाची मागणी), खाटांची हलवाहलव, नातेवाइकांशी बोलणं आणि तक्रारी सांभाळून तिने ४ रुग्णही बघायचे. वेल्समध्ये वॉर्ड सिस्टर गुणोत्तराबाहेर ठेवायची आणि रजा-प्रशिक्षणासाठी २६.९ टक्के वाढीव मनुष्यबळ धरायचं, असं मार्गदर्शनच आहे.

तिसरी_पाळी ताई, ‘प्रत्येक रुग्णासमोर एकच नाव’ याला मात्र माझा विरोध आहे. पद्धत चुकीची आहे म्हणून नव्हे, तर सगळ्या वॉर्डांना ती एकसारखी लागू होत नाही म्हणून. ८ नर्सपैकी ३ जणी सहा महिन्यांच्या आतल्या असतील तर त्यांना स्वतंत्र ४-४ रुग्ण देणं धोक्याचं आहे. तिथे टीम लागते: एक अनुभवी, एक नवीन, एक साहाय्यक, मिळून ८ ते १० रुग्ण. १९५० च्या दशकात एलेनॉर लॅम्बर्टसन यांनी टीम नर्सिंग मांडलं ते याच कारणाने. युद्धानंतर प्रशिक्षित नर्स कमी आणि साहाय्यक जास्त होते, आणि कामवार वाटणीत रुग्ण कुणाचाच राहत नव्हता. टीम मोडते ती दोन कारणांनी. टीम लीडर स्वतः कामात बुडते आणि बाकीच्यांकडे बघत नाही, किंवा पाळीच्या मध्यावरची दहा मिनिटांची टीमची बैठक गुंडाळली जाते. ती बैठक गेली की टीम नर्सिंग म्हणजे तीन माणसांची कामवार वाटणी.

प्रायमरी नर्सिंगचंही तेच. मेरी मॅन्थी आणि मिनेसोटा विद्यापीठ रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी ते सुरू केलं. भरतीपासून डिस्चार्जपर्यंत एका नर्सची जबाबदारी, ती नसताना दुसरी तिच्या आराखड्याप्रमाणे काम करणार. रुग्णाचा मुक्काम आठ-दहा दिवसांचा होता तेव्हा हे जमलं. मुक्काम दोन दिवसांवर आला आणि नर्सच्या ड्युट्या १२-१२ तासांच्या, आठवड्यातून तीन-चार झाल्या, की जबाबदार नर्सची सुट्टी संपेपर्यंत रुग्ण घरी गेलेला असतो.

ऑस्ट्रेलियातल्याच व्हिक्टोरियाचा जुना करार मला जास्त शहाणपणाचा वाटतो. तिथे १:४ ऐवजी ५:२० असं गुणोत्तर ठरलं. २० रुग्णांना ५ नर्स द्या, आतली वाटणी इनचार्ज ठरवेल. एका नर्सला दोन गंभीर रुग्ण, दुसरीला सहा बरे होत आलेले.

तिसरी_पाळी

मॅडम, मी प्रायमरी नर्सिंग मागत नाही. एका पाळीपुरतं एक नाव मागते आहे. टीममध्येही ते नाव असू शकतं: अनुभवी नर्सचं. ५:२० मध्येही असू शकतं. इनचार्जने ज्या नर्सला दोन दिले तिच्यापुढे दोन नावं आणि जिला सहा दिले तिच्यापुढे सहा.

नाव का हवं, ते एका रुग्णावर दाखवते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस. टीपीआरवाली नर्स १० वाजता लिहिते: नाडी ११२, श्वास २४, बीपी १००/६०. एकेकटा आकडा बघितला तर धावत जाण्यासारखं काही नाही. युरिन बॅग रिकामी करणारा साहाय्यक चार तासांचे ८० मिली लिहितो. गोळ्यांची नर्स ठरल्याप्रमाणे बीपीची गोळी देते, कारण टीपीआरचा कागद दुसऱ्या बोर्डावर आहे. ड्रेसिंगच्या नर्सला ड्रेन (पोटातलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी-पिशवी) जास्त भरलेला दिसतो आणि ती तो मोजून रिकामा करते. चौघांनी आपापलं काम नीट केलं. रुग्णाला रक्तस्राव होतोय, हे त्या चार कागदांत मिळून लिहिलेलं आहे, पण चारही कागद एका माणसाच्या हातात कधीच आले नाहीत. एका नर्सकडे हा आणि आणखी चार रुग्ण असते तर नाडी, लघवी आणि ड्रेन तिनेच बघितलं असतं, गोळी थांबवली असती आणि साडेदहाला डॉक्टरांना फोन गेला असता. इथे नर्सची संख्या दोन्हीकडे सारखीच आहे.

सेवा_प्रथम

मला या सगळ्या धाग्याचीच दिशा पटत नाही. परिचारिकेने राजकारणात उतरू नये. पक्ष येतात, झेंडे येतात, मग संप येतो आणि संपाचा पहिला फटका वॉर्डातल्या माणसाला बसतो. रुग्णालयाच्या आत समित्या आहेत, तिथे बोला.

कलम_वाचक

सेवा_प्रथम, संपाबद्दलची तुमची काळजी खरी आहे. अतिदक्षता, डायलिसिस, प्रसूती आणि अपघात विभाग चालू ठेवण्याचं लेखी नियोजन नसेल तर कुठल्याही संघटनेने संपाची नोटीस देऊ नये, या मताचा मी आहे. पण राजकारण आणि पक्ष एक नव्हेत. क्रिमियाच्या युद्धाहून परतल्यावर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी मृत्यूंचे तक्ते आणि आकृत्या तयार केल्या, माजी युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांना हाताशी धरलं आणि १८५७ मध्ये सैन्याच्या आरोग्यावर रॉयल कमिशन (सरकारी चौकशी आयोग) नेमायला लावलं. ते पूर्णपणे राजकीय काम होतं.

आतल्या समितीत पैशाचा निर्णय होत नाही. आणि कायदा झाल्यावरही लक्ष ठेवावं लागतं. २००४ च्या शेवटी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी तातडीच्या नियमाने १:५ लांबणीवर टाकलं. नर्सची संघटना कोर्टात गेली आणि २००५ मध्ये तिथे जिंकली.

आता मसुद्याबद्दल. आकडेमोड म्हणतात पद्धत कायद्यात नको. पण शब्द नीट निवडले की पद्धतीचा बराच भाग त्यांतूनच ठरतो. कॅलिफोर्नियाच्या नियमात गुणोत्तर ‘सदासर्वकाळ’ पाळायचं आहे, म्हणजे जेवणाच्या सुट्टीतही. त्यामुळे सुट्टीवर गेलेल्या नर्सचे पाच रुग्ण शेजारणीच्या पाचांत मिळवता येत नाहीत. त्यासाठी सुट्टी सोडवणारी वेगळी नर्स लागते, आणि ती लागते म्हणजेच रुग्ण कुणाचे हे आधी ठरलेलं असावं लागतं. दुसरं, ‘नर्स’ कोण? तिथे वॉर्डातल्या परवानाधारकांपैकी निम्म्यापर्यंत कमी प्रशिक्षणाच्या ‘लायसन्स्ड व्होकेशनल’ नर्स चालतात. व्याख्या सैल ठेवली की गुणोत्तर जुळतं आणि कौशल्य घसरतं. युरोपच्या त्याच २०१४ च्या अभ्यासात पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली होती. तिसरं, अपूर्णांकाचं काय? २२ रुग्णांना १:४ ने साडेपाच येतात. नियम खाली ओढणारा असेल तर ५ नर्स, म्हणजे दोन रुग्णांना नर्सच नाही. व्हिक्टोरियात २०१५ च्या कायद्यातला हा नियम २०१९ ला दुरुस्ती करून बदलावा लागला. चौथं, साहाय्यकांची किमान संख्या वेगळी लिहा. नाहीतर वाढीव नर्सचा पैसा साहाय्यकांच्या जागा रिकाम्या ठेवून काढला जातो आणि तीच नर्स सॅम्पल घेऊन लॅबला पळते.

आकडेमोड

‘सदासर्वकाळ’ मान्य, कारण जेवणाच्या वेळेला जाऊन मोजता येतं. पण तिसरी_पाळी यांच्या नावाच्या फळ्याचं काय करणार? सकाळी फळ्यावर नावं लिहिली जातील आणि मग ट्रॉली घेऊन नेहमीसारखी कामवार फेरी सुरू होईल. खोटा फळा हा फळा नसण्यापेक्षा वाईट, कारण चूक झाली की नाव लिहिलेली नर्स अडकेल, जिने त्या रुग्णाला हातही लावलेला नाही. वेल्सचा २०१६ चा कायदा बघा. त्यात एकही आकडा नाही. व्यावसायिक निर्णय, रुग्णांची गंभीरता आणि दर्जाचे निकष (पडणं, बेडसोर, औषधांच्या चुका) अशा तीन बाजूंनी संख्या काढायची. मला तोही सैल वाटतो, पण निदान मोजायचं काय ते तरी सांगतो.

तिसरी_पाळी

फळा तपासता येतो. वाटपाचा कागद आणि औषधांचे चार्ट शेजारी ठेवा. सकाळी ८ च्या डोसची सही बघा. ३० चार्टवर एकाच नर्सची सही असेल तर फळा खोटा आहे. सहा नर्सच्या सह्या पाच-पाच चार्टवर विभागलेल्या असतील आणि त्या वाटपाच्या कागदाशी जुळत असतील तर वाटणी रुग्णवार आहे. तपासायला अर्धा तास लागतो आणि कुणाला काही विचारावं लागत नाही. अडकण्याची तुमची भीती रास्त आहे. म्हणून चूक कुणी केली याच्या चौकशीत आधी हे जुळवून बघावं. जुळत नसेल तर जबाबदारी वाटप करणाऱ्या प्रशासनाची, हेही मसुद्यात यावं.

वॉर्ड_इनचार्ज

ही कसोटी चालेल, पण दोन दुरुस्त्यांसह. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम यांना दोन सह्या असतात. त्यात पहिली, म्हणजे देणाऱ्या नर्सची सही मोजा. तपासणारी दुसऱ्या वाटपातली असणारच. आणि टीम असेल तिथे सही टीममधल्या कुणाचीही चालेल असं लिहा, नाहीतर नवीन नर्सला अनुभवीच्या देखरेखीखाली औषध देता येणार नाही आणि ती शिकणार कधी? रात्रपाळीत नावं लिहायला मात्र माझा विरोध कायम आहे. ३० खाटांना दोनच नर्स असतील तर १५-१५ नावं लिहून काही साधत नाही. तिथे आधी माणसं मागा.

कलम_वाचक

रात्रीसाठी माणसं मागायची तर पुरावा आजपासून जमवावा लागेल. कॅलिफोर्नियातल्या नर्स अपुऱ्या मनुष्यबळाच्या ड्युटीवर ‘हरकत नोंदवून काम स्वीकारते’ असा फॉर्म भरतात. त्यात तारीख, पाळी, वॉर्ड, रुग्णसंख्या, हजर नर्स, त्यांतल्या नवीन किती, कुणाला किती वाजता कळवलं, काय उत्तर आलं आणि कुठलं काम राहिलं (कूस बदलणं, ८ ची औषधं, दर तासाची लघवीची नोंद) एवढंच लिहावं. रुग्णाचं नाव किंवा केस नंबर कधीही लिहू नये. एक प्रत वरिष्ठांना, एक संघटनेला. फॉर्म त्याच पाळीत भरावा. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेल्या वेळा उलटतपासणीत टिकत नाहीत.