मदत हवी आहे: घरबसल्या कामाचं रिटर्न, कापलेला टीडीएस आणि पॅनवरचं माहेरचं नाव

नमस्कार मंडळी,

इथं वाचते बऱ्याच दिवसांपासून, लिहितेय पहिल्यांदा. अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल म्हणून सगळंच मांडते, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. लग्नाला दोन वर्षं झाली. एप्रिल २०२४ पासून पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. मराठी-हिंदी ऑडिओ ऐकायचा आणि शब्दाला शब्द टाइप करून द्यायचा. मिनिटावर पैसे. लाईन गेली की इन्व्हर्टर, रेंज गेली की लॅपटॉप घेऊन माडीवर. २०२४-२५ या वर्षात ३,४२,६०० रुपयांचं काम झालं. त्यातून कंपनीने १० टक्के, म्हणजे ३४,२६० रुपये टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) कापला. हे पैसे परत मिळतात म्हणतात, आणि आमच्या घरासाठी ही रक्कम लहान नाही.

याशिवाय संध्याकाळी नऊ मुलांची शिकवणी घेते, त्याचे वर्षाचे १८,००० रोख आले. बाबांनी माझ्या नावावर करून दिलेली दोन एकर जमीन मक्त्याने दिली आहे, तिचे २४,००० आले.

आता गोंधळ. गावातला ऑनलाइनवाला म्हणतो, "ताई, रिटर्नचा एक नंबरचा फॉर्म, आयटीआर एक, भरून देतो, सगळं इतर उत्पन्नात टाकतो, शिकवणी आणि मक्ता दाखवायची गरजच नाही." त्याची फी ६०० रुपये आणि रिफंड आला की त्यातले दहा टक्के. मोबाइल नंबर आणि ईमेल तो स्वतःचाच टाकणार. हे मला बरोबर वाटत नाही, पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही.

दुसरीकडे सासूबाईंना कुणीतरी सांगितलं की सुनेने रिटर्न भरलं की घरातल्या सगळ्यांचे सरकारी पैसे बंद. त्यांच्या नावावर शेत आहे, पीएम किसानचे पैसे येतात. मला लाडकी बहीणचे १,५०० येतात. त्यामुळे घरात सध्या "तुझ्या चौतीस हजारापायी आमचे सहा हजार घालवशील" असं चाललंय. यांचं म्हणणं, पोळा होऊ दे, मग बघू. पोळा दोन दिवसांवर आलाय आणि रिटर्नची मुदत १५ सप्टेंबर २०२५ ची.

आणि हो, पॅन कॉलेजात असताना काढलं होतं. त्यावर माहेरचं नाव आहे. आधार आणि बँकेचं खातं लग्नानंतर सासरच्या नावाने झालं. याने काही अडतं का? पुढच्या वर्षी कंपनीला १५-जी फॉर्म दिला तर टीडीएस कापणारच नाहीत, असंही एकीने सांगितलं. खरं आहे का?

वऱ्हाडी_मिरची:
ताई, आधी त्या ऑनलाइनवाल्याले लांब ठेवा. माह्या साळ्याचं रिटर्न असंच एकानं भरलं होतं, सोताचा नंबर टाकून. पुढं आयकर खात्याची नोटीस आली ते त्याच्याच मोबाइलवर आली, अन् तो गडी तवरी दुकान बंद करून नागपूरले गेला होता. पासवर्ड नाई, ओटीपी नाई, काईच नाई. आयकराच्या पोर्टलवर नंबर तुमचाच पायजे. दहा टक्के कायचे देता बापा, त्यानं काय तुमच्यासंग हेडफोन घालून टायपिंग केली काय?

बाकीचं जाणकार सांगतीन.

कोरडवाहू:
सोपं आहे. कलम ४४ एडीए लावा. ५० टक्के खर्च धरला जातो, उरलेलं उत्पन्न दाखवा, आयटीआर चार म्हणजे सुगम भरा. दहा मिनिटांचं काम. मी दोन वर्षं असंच भरतो.

जमाखर्च:
कोरडवाहू, तुम्ही भरत असाल, तुमचा व्यवसाय त्या यादीत असेल. ४४ एडीए सगळ्यांना नाही. वकील, डॉक्टर, इंजिनियर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावट, चित्रपट कलाकार, कंपनी सेक्रेटरी, माहिती तंत्रज्ञान अशी ठरलेली यादी आहे. ऑडिओ ऐकून टाइप करणं किंवा शिकवणी त्यात बसत नाही. कंपनीने कलम १९४ जे (व्यावसायिक सेवांच्या पैशांवरचा टीडीएस) खाली टीडीएस कापला म्हणून आपण आपोआप ४४ एडीएमध्ये जात नाही. हा गैरसमज फार मोठ्या प्रमाणात आहे, आमच्याकडे अकोल्यात दर हंगामात चार-पाच जण तरी हेच घेऊन येतात.

ताई, आता तुमचं. तुमच्या मजकुरातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे: मक्ता. शेतजमिनीचा मक्ता हे कायद्याने शेतीचंच उत्पन्न. ते करमुक्त आहे, त्यावर एक रुपया लागणार नाही. पण शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की आयटीआर एकही चालत नाही आणि चारही चालत नाही. तुमचे २४,००० आहेत. कामधंद्याचं उत्पन्न असल्यामुळे तुम्हाला आयटीआर तीन. शहरातल्या लोकांच्या व्हिडिओत हे कुणी सांगत नाही, कारण त्यांच्याकडे सातबारा नसतो.

ऑनलाइनवाल्याचं चुकतंय ते हेच. आयटीआर एक पगार, पेन्शन, घरभाडं, व्याज असल्यांसाठी आहे. तुम्ही बारा महिने नियमित काम करून मिळवलेला पैसा "इतर" नाही, तो व्यवसाय आहे. चुकीचा फॉर्म गेला तर कलम १३९ (९) खाली सदोष रिटर्नची नोटीस येते, दुरुस्तीला १५ दिवस मिळतात. नोटीस त्याच्या ईमेलवर आणि तुम्ही माडीवर. मग झालं.

काळी_माती:
म्हणजे एवढ्याशा मक्त्यापायी तो मोठा फॉर्म? नाहीच दाखवला मक्ता तर? कोण बघायला येतंय दारव्ह्याला? (दारव्हा म्हटलं की आम्हाला मोतीबाग स्टेशन आणि शकुंतला रेल्वेच आठवते. तीही आता बंद.)

जमाखर्च:
कुणी येणार नाही. पण लपवून मिळवायचं काय? हिशेब करून बघू.

कंपनीचे ३,४२,६०० अधिक शिकवणीचे १८,०००, एकूण ३,६०,६००. यातून खर्च वजा होतो: नेट, कामापुरतं लाईट बिल, लॅपटॉप आणि इन्व्हर्टरचा घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत). पण समजा एक रुपयाही खर्च धरला नाही. २०२४-२५ साठी नव्या कर पद्धतीत ३ लाखांपर्यंत कर नाही, पुढच्या ६०,६०० वर ५ टक्के म्हणजे ३,०३०. आणि एकूण उत्पन्न ७ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ ए ची करातली सूट, ती २५,००० पर्यंत मिळते. कर शून्य. मक्त्याचे २४,००० दाखवले तरी शून्य, लपवले तरी शून्य. शिकवणीचंही तेच. मग खोटं कशाला लिहायचं? सगळं खरं दाखवूनही ३४,२६० च्या ३४,२६० परत येतात.

वऱ्हाडी_मिरची:
हे भल्लं झालं!

कोरडवाहू:
४४ एडीएची चूक मान्य. मग ४४ एडी? बँकेत आलेल्या रकमेवर ६ टक्के दाखवलं की झालं, वही ठेवायची कटकट नाही.

जमाखर्च:
त्यावर जाणकारांतही वाद आहेत. ४४ एडी हे धंद्यासाठी आहे, असं टायपिंगचं काम धंदा की व्यवसाय यावर दोन सीए तीन मतं देतील. शिवाय कायदा म्हणतो ६ टक्के किंवा प्रत्यक्षात जास्त सुटलं असेल तर जास्त. ताईंना लाखभर रुपये खर्च तरी आला का? नाही. मग साडेतीन लाखांवर वीस हजार उत्पन्न दाखवायचं आणि उद्या शिलाई मशीन किंवा गाडीच्या कर्जासाठी बँकेत तेच रिटर्न घेऊन जायचं? मी तरी सांगणार नाही. कर तसाही शून्य आहे.

खरा नफा दाखवायचा तर वही ठेवावी लागते, कारण उत्पन्न अडीच लाखांच्या वर आहे. घाबरू नका, शाळेची दोनशे पानी वही चालते. डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले. लॅपटॉपचं बिल आहे का? त्यावर ४० टक्के घसारा मिळतो, खरेदी केल्यापासून वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर निम्मा.

१५-जी चं उत्तर नाही. तो बँकेच्या व्याजासारख्या ठरावीक गोष्टींसाठी आहे, १९४ जे ला लागू नाही. कलम १९७ खाली कमी टीडीएसचं प्रमाणपत्र ऑनलाइन मागता येतं, पण एवढ्या रकमेसाठी मी तरी दरवर्षी रिफंडच घेईन.

माडीवरून (धागाकर्ती):
जमाखर्च दादा, खूप आभार. लॅपटॉप एप्रिल २०२४ मध्ये ३४,००० ला घेतला, बिल आहे. इन्व्हर्टरचंही आहे. तुम्ही मांडलेला हिशेब यांना दाखवला, तर म्हणाले पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच दारव्ह्याला जाऊ.

पण सासूबाईंचा प्रश्न राहिलाच. आणि नावाचा.

बांधावरची:
सासूबाईंचं मी सांगते, मी गावोगावी याच योजनांचे फॉर्म भरून देते.

पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. सासूबाई वेगळं कुटुंब, तू वेगळं. तुझ्या रिटर्नचा त्यांच्या सहा हजारांशी संबंध नाही. शिवाय तिथली अट मागच्या वर्षी आयकर भरलेल्यांना वगळण्याची आहे, आणि तुझा कर तर शून्य आहे. हे त्यांना तू सांगू नकोस, तुझ्या नवऱ्याला सांगू दे. सुनेने सांगितलेलं पटत नाही, अनुभव आहे.

लाडकी बहीणचं मात्र खरं बोलायचं तर रिटर्नचा प्रश्नच नाही गं. त्यात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. तुमचं केशरी कार्ड असेल म्हणून अर्जाच्या वेळी उत्पन्नाचा दाखला मागितला नसेल. पण तू एकटीने साडेतीन लाख कमावलेत, म्हणजे रिटर्न भर नाहीतर नको भरू, तू त्या अटीत बसत नाहीस. आणि कंपनीने तुझ्या पॅनवर टीडीएस भरला तेव्हाच ती रक्कम सरकारच्या नोंदीत गेली. पोर्टलवर लॉगिन करून एआयएस (तुझ्या उत्पन्नाची सरकारी नोंद) उघडून बघ, सगळं दिसेल.

माडीवरून:
बघितलं. कंपनीची सगळी बिलं महिन्यावारी दिसतायत. एका जुन्या खात्याचं ४१२ रुपये व्याजसुद्धा. लाडकी बहीणचा अर्ज केला तेव्हा जुलै होता, काम नुकतंच सुरू झालेलं, तीन महिन्यांत सोळा हजारसुद्धा मिळाले नव्हते. वर्षाला एवढे होतील असं मलाही वाटलं नव्हतं. आता लाभ सोडते म्हणून अर्ज देते. वाईट वाटलं थोडं, ते पैसे फक्त माझे होते.

बांधावरची:
टायपिंगचे पण तुझेच आहेत की.

जमाखर्च:
ते ४१२ रुपये व्याज रिटर्नमध्ये इतर उत्पन्नात दाखवा, विसरू नका. आणि ते जुनं खातं कोणतं? कोणाच्या नावाने?

माडीवरून:
कॉलेजच्या स्कॉलरशिपचं. माहेरी, नेरजवळच्या बँकेत. माहेरच्याच नावाने आहे, पॅन जोडलेलं होतं. दोन वर्षांत हात लावलेला नाही.

जमाखर्च:
मग तुमचं अर्धं काम झालं! रिफंड ज्या खात्यात हवा ते पोर्टलवर आधी प्रमाणित करावं लागतं आणि तिथलं नाव पॅनशी जुळावं लागतं. सासरच्या नावाचं खातं तिथं अडकण्याची भीती आहे. रिटर्न बरोबर, रिफंड मंजूर आणि पैसे परत आयकर खात्याकडे, असं बायकांच्या बाबतीत फार होतं. जुन्या खात्याचं नाव पॅनशी जुळतं, तेच द्या. दोन वर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय झालं असेल. केवायसीचे कागद घेऊन शाखेत जावं लागेल, लग्नाचा दाखला सोबत ठेवा कारण आधारवर नाव वेगळं आहे. पॅनवरचं नाव नंतर सावकाश बदला, शंभरेक रुपयांचं काम आहे. या घाईत नको, मध्येच बदललं तर मुदत निघून जाईल.

मुदतीनंतर भरलं तर उत्पन्न ५ लाखांच्या आत असल्याने १,००० रुपये लेट फी. आणि भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करायची. ती राहिली तर भरलेलं न भरल्यासारखं.

काळी_माती:
माझ्या बायकोचं रिफंड दीड वर्षापासून याच कारणाने लटकलंय. आज कळलं. शकुंतलेची चेष्टा करत बसलो.

माडीवरून:
मंडळी, कळवायचं राहिलं होतं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला माहेरी गेले, तेव्हा दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन बँकेत गेले. मॅनेजरने लग्नाची पत्रिका मागितली, दाखला दाखवला तरी पत्रिका बघायचीच होती त्यांना. आईने ट्रंकेतून काढून दिली. तीन दिवसांत खातं सुरू झालं आणि पोर्टलवर प्रमाणितही झालं.

दारव्ह्याच्या सीएंनी २,५०० घेतले. आयटीआर तीन भरला, शिकवणी आणि मक्ता दोन्ही दाखवलं, नंबर आणि ईमेल माझे. त्यांनी खर्च वजा करून उत्पन्न ३,२९,००० च्या आसपास काढलं, कर शून्य, रिफंड ३४,२६०. ओटीपी यायला माडीवर जावं लागलं, दुसऱ्यांदा मागवला तेव्हा आला.

ऑनलाइनवाला काल रस्त्यात भेटला, "ताई, तुमचं रिटर्न राहिलं ना?" म्हणाला. भरलं म्हटलं. सासूबाई रोज सकाळी विचारतात, आले का पैसे. अजून "प्रक्रियेत" दिसतंय.

वऱ्हाडी_मिरची:
आले की सांगजा ताई. अन् सासूबाईले एक लुगडं घ्या त्यातून, पुढच्या वर्षीचं भांडण वाचते.