हाताने करून पाहिलेलं विज्ञान : प्राथमिकच्या मुलांबरोबरचे तुमचे अनुभव

दर शनिवारी मी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांबरोबर तासभर विज्ञानाचे खेळ करते. साहित्याला फारसे पैसे लागत नाहीत. वेळ मात्र लागतो, आणि ओठांवर आलेलं उत्तर गिळायला धीर लागतो. तुम्ही काय केलंत, मुलं काय म्हणाली, कुठे फसलं, ते सगळं लिहा. सुरुवात माझ्यापासून.

चौथीच्या मुलांबरोबर मोटर केली. एक सेल, दोन सेफ्टी पिना, गोल चुंबक आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेली, लाखेचा वीज अडवणारा थर असलेली तांब्याची तार. सेलवरच दहा वेढे घेऊन वेटोळं केलं, दोन्ही टोकं ब्लेडने मीच स्वच्छ खरवडली. वेटोळं थरथरलं आणि थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. माझा चेहरा पडला होता, पण एक मुलगी जमिनीवर पालथी पडून बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, ते अर्धं जातंय आणि मागं येतंय." तिथेच चूक सापडली. एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं फक्त एका बाजूने. म्हणजे अर्ध्या फेऱ्यात वीज तुटते आणि वेटोळं आपल्याच वेगाने पुढे निघून जातं. दुसरी तार घेतली आणि मोटर फिरली. (सेल लवकर तापतो, फार वेळ चालू ठेवू नका.)

तिसरीची वर्गशिक्षिका, सांगली जिल्हा

आमच्याकडे हळद मुबलक. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवले आणि घरून जे आणता येईल ते त्यावर लावून बघा म्हटलं. लिंबू, चिंच, ताक यांनी काही झालं नाही. कपड्याच्या साबणाचं पाणी पडलं आणि कागद लाल! एकीने लगेच सांगितलं की शर्टावरच्या भाजीच्या डागाला आई साबण लावते तेव्हा असंच होतं. दुसरा म्हणाला, पाय मुरगळल्यावर आजीचा हळद-चुन्याचा लेपही लालच असतो. हे दोन्ही मी लहानपणापासून बघत आले होते, पण कधी एकत्र जोडलं नव्हतं. लाल डागावर लिंबू पिळलं की तो परत पिवळा होतो, हे मुलांनी आपणहून शोधलं. आम्लारी हा शब्द मी त्या दिवशी उच्चारलाच नाही.

विज्ञान मंडळाचा कार्यकर्ता, पुणे

दुपारी बाराला सूर्य रोज डोक्यावर येतो, असं मुलंच काय, मोठेही सांगतात. खरं तर तो नेमका डोक्यावर येतो ते मोजक्याच दिवशी. 14 मेच्या सुमारास पुण्यात तशी शून्य सावली असते, म्हणजे उभ्या वस्तूची सावली बाजूला पडतच नाही. सुट्टीतल्या मुलांना घेऊन गच्चीवर गेलो. ऊन थेट तळाशी उतरतं का ते बघायला पाइप अगदी उभा हवा होता, आणि तो काही केल्या होईना. बांधकामावर काम करणाऱ्या गवंड्याचा मुलगा खाली धावत गेला आणि वडिलांचा ओळंबा घेऊन आला! त्यानंतर सगळी मोजणी त्याच्याच हातात. बारा वाजले तरी पाइपच्या आत एका बाजूला सावली होतीच. मुलं हिरमुसली. साडेबाराच्या आसपास उजेडाचा गोल बरोबर तळाशी उतरला आणि गच्ची ओरडली. मग घड्याळ चुकीचं का, यावर तासभर वाद. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशाचं आहे आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, हे नकाशावर मुलांनीच बोट ठेवून काढलं. जुलैच्या अखेरीस शून्य सावली पुन्हा येते, तेव्हा शाळा असते पण आभाळ भरलेलं असतं. ही खंत दरवर्षीची.

निवृत्त मुख्याध्यापक, अहिल्यानगर जिल्हा

गुल खरवडलेल्या आगकाड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून चौकोन, त्रिकोण करायचे. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी हा खेळ 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात असताना तयार केला. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. आमचा एक विद्यार्थी म्हणाला, "गोठ्याच्या छपराला कैची म्हणूनच मारतात." कैची म्हणजे छपराखालचा वाशांचा त्रिकोण. एवढंच लिहायचं होतं.

शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

धक्क्याच्या खांबावर रंगाच्या खुणा करून पंधरा दिवस भरतीची वेळ आणि उंची लिहिली. मी वाचून गेले होते की भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. मच्छीमारांची मुलं माझ्यापुढे होती : "आज अष्टमी, भांग आहे, पाणी वरच्या खुणेला लागायचं नाही." लागलं नाही. (भांग म्हणजे कमी उंचीची भरती.) अमावास्येच्या उधाणाला आमची सगळ्यात वरची खूणही बुडाली. त्या वेळी वर्गात शिकवत होते ते विद्यार्थी, वही घेऊन बसले होते मी.

धागाकर्ती

रत्नागिरीच्या ताई, तुमचा तक्ता कसा आखला ते सविस्तर लिहाल का? समुद्र आमच्यापासून लांब, पण चंद्रही रोज साधारण तेवढाच उशिरा उगवतो. येत्या पौर्णिमेपासून चार दिवस उगवण्याची वेळ घरून लिहून आणायला सांगते.