लोड चढला म्हणून लगेच प्रोसेसर नको
चार कोअरच्या लिनक्स सर्व्हरवर लोड अ‍ॅव्हरेज (चालू आणि वाट बघत असलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या) १२ दिसतोय म्हणून प्रोसेसर वाढवा, असं कुणीतरी सुचवलंय. जरा थांबा. लिनक्स या आकड्यात प्रोसेसरच्या रांगेतल्या प्रोसेस धरतंच, शिवाय डिस्कची वाट बघत अडकलेल्याही धरतं ('टॉप' कमांडमध्ये त्यांच्यापुढे 'डी' दिसतो). त्यामुळे प्रोसेसर निवांत असतानाही लोड चढू शकतो.

'व्हीएमस्टॅट १' (दर सेकंदाला मेमरी, डिस्क आणि प्रोसेसरचे आकडे दाखवणारी कमांड) लावून मिनिटभर बघत बसा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. 'एसआय' आणि 'एसओ' (रॅम अपुरी पडल्यावर डिस्कवर ठेवलेला आणि तिथून परत आणलेला डेटा) हे रकाने सतत हलत असतील तर रॅम खरंच कमी पडतेय. ते शून्यावर आणि 'डब्ल्यूए' (प्रोसेसर डिस्कची वाट बघत रिकामा बसल्याचा टक्का) मात्र फुगलेला, तर दुखणं बहुधा डिस्कचं. ७२०० आरपीएमची साधी हार्डडिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक रँडम रीड (विखुरलेल्या जागांवरून वाचणं) झेपवते. बॅकअप आणि डेटाबेस एकदम तुटून पडले की ती मान टाकणारच. 'आयओटॉप' कमांडमध्ये कोण एवढं वाचतंय-लिहितंय ते कळेल. स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत तपासणाऱ्या कमांडने पेंडिंग सेक्टर (डिस्कला नीट वाचता न येणारे भाग) वाढलेत का तेही बघा. वाढले असतील तर बाकी सगळं सोडून आधी डेटा हलवा!

'फ्री' रॅम कमी दिसते ही तक्रार मी तरी मनावर घेणार नाही. उरलेली रॅम फाइल कॅशला (वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला) जाते आणि लागेल तेव्हा मोकळी होते, म्हणून 'फ्री' कमांडमधला 'अव्हेलेबल'चा रकाना पाहा.

विंडोजच्या डेस्कटॉपवर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल आणि आत जुनी हार्डडिस्क असेल, तर क्लीनर सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. सरळ एसएसडी टाका.