मीटर खोलीत, अँटेना गच्चीवर

"एसडब्ल्यूआर 1.3 आला, म्हणजे टू-मीटरचा अँटेना झकास" हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. (एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप: 1 म्हणजे काहीच परत नाही, आकडा वाढेल तितकी जास्त परत. टू-मीटर म्हणजे 145 मेगाहर्ट्झच्या आसपासचा हॅम रेडिओचा बँड.) हे मोजणारा मीटर खाली रेडिओशेजारी, अँटेना 30 मीटर केबलच्या पलीकडे. 145 मेगाहर्ट्झला तेवढी आरजी-58 (पातळ कोॲक्स केबल) साधारण 6 डीबी (डेसिबल) खाते. म्हणजे जातानाच पाऊण पॉवर केबलमध्ये जिरली, आणि वरून जी परत फिरली तिचीही येताना पाऊण गेली, म्हणून मीटरला परतलेली पॉवर कमीच दिसते. अँटेना काढून टोक नुसतं उघडं सोडलंत तरी खाली 1.7च्या आसपासच दिसेल. करून बघा, पण कमी पॉवरवर! या हिशेबाने तुमचा 1.3 म्हणजे वर अँटेनापाशी 3च्या पुढेच.

मीही यात फसलोय. एका पावसाळ्यात माझा आकडा 1.8 वरून आपसूक 1.3 वर उतरला. मी खूश. पण रिपीटरवरचे (आपला सिग्नल पुन्हा प्रसारित करणाऱ्या केंद्रावरचे) लोक म्हणायला लागले, आवाज खरखरतोय. वरचा कनेक्टर उघडला तर आत पाणी, आणि तांब्याची जाळी हिरवीगार. केबलच खराब झाली होती, म्हणून मीटर "सुधारला" होता. (डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर नुसती जिरवणारा रेझिस्टर, तोही 1.0 दाखवतो की, त्यावर कोणाशी बोलणार?)

उलट 40 मीटर बँडवर (7 मेगाहर्ट्झ) एसडब्ल्यूआर 2 आला म्हणून लगेच डायपोलची (तारेच्या अँटेनाची) तार कापू नका. 100 वॉटमधले 11च परततात, आणि तिथे केबलही फार खात नाही.

अँटेना ॲनालायझर (एसडब्ल्यूआर मोजायचं छोटं यंत्र) मिळाला तर गच्चीवर नेऊन थेट फीडपॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला जोडते तिथे, लावा. आणि केबल किती जुनी आहे तेही सांगा.